बँटम पिलांचे लिंगनिदान
बँटम या लघुकाय कोंबड्यांच्या कोवळ्या पिलांतील नर व मादी ओळखण्याची विद्या. मासुई व हाशिमोतो या जपानी संशोधकांनी १९३३ साली ग्रंथरूपाने मांडलेली गुदद्वारपरीक्षा एक दिवसाच्या पिलासही लागू पडत असली, तरी बँटमचे पिलू अतिशय चिमुकले असल्याने निष्णात हाताअभावी त्यास इजा होण्याचा संभव असतो. म्हणून आजरा तालुक्यासारख्या, परसात मोजकीच कोंबडी पाळणाऱ्या मुलखात बाह्य लक्षणांची वाट पाहणेच श्रेयस्कर होय. साधारण सहाव्या आठवड्यापासून नराचा तुरा मादीहून मोठा व लाल दिसू लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच्या कमरेवर निमुळती, चकचकीत पिसे येतात. तलंगेची पिसे मात्र गोलाकार टोकाची राहतात. सीब्राइट जातीत नराची पिसेही मादीसारखीच असल्याने तेथे पिसांचा दाखला ग्राह्य नाही.