ईस्ट ब्रॉड टॉप रेल्वे

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एक अरुंदमापी रेल्वे. ब्रॉड टॉप डोंगरातला दगडी कोळसा माउंट युनियन येथे आणून पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या हवाली करणे हे तिचे मुख्य काम होते. मोठ्या रेल्वेला असा स्थानिक माल पुरवणाऱ्या छोट्या रेल्वेला अमेरिकेत ‘शॉर्टलाइन’ म्हणतात.

कंपनीला सनद १८५६ मध्येच मिळाली, पण बांधकामाला १८७२ उजाडले. कमी खर्चात डोंगरातली वळणे साधावीत म्हणून रुळांमधले अंतर ३ फूट ठेवले. गाडी १८७३ मध्ये ऑर्बिसोनियाला आणि १८७४ मध्ये रॉबर्ट्सडेलच्या खाणींपर्यंत पोहोचली. मुख्य मार्ग सुमारे ५३ किमी.; वाटेत दोन बोगदे. खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या ‘रॉकहिल आयर्न अँड कोल’ या भगिनी कंपनीच्या, त्यामुळे माल पाठवणारा आणि वाहणारा एकाच घरचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी भट्ट्या विझल्या, कोळसा राहिला.

रॉकहिल फर्नेस येथील कारखाना हे या रेल्वेचे खरे वैभव. अरुंदमापी वाघिणी लाकडी असण्याच्या काळात हिने १९१३ पासून पोलादी वाघिणी आणल्या आणि पुढे त्या स्वतःच्या कारखान्यात बांधल्या. १९११ ते १९२० या काळात बाल्डविन कंपनीची सहा मिकाडो वाफेची इंजिने घेतली.

अडचण होती ती माउंट युनियनला, कारण तिथे ३ फुटी रूळ संपून ४ फूट ८॥ इंची रूळ सुरू होत. कोळसा तिथल्या प्रक्रिया केंद्रात (१९२७) साफ होऊन मोठ्या वाघिणींत पडे, म्हणून त्याचे निभत असे. इतर मालासाठी १९३० च्या दशकात नामी तोड निघाली. लाकडाचे ओंडके उचलणाऱ्या जुन्या यारीने मोठ्या रेल्वेची वाघीण एकेका टोकाने उचलायची, खालचे रुंद चाकगाडे काढायचे आणि अरुंद सरकवायचे. आतल्या मालाला हातही लागत नसे. देशातल्या बहुतेक अरुंदमापी रेल्वे मोडीत निघत असताना ही टिकली, त्याचे श्रेय खाणीइतकेच या कल्पकतेला द्यावे लागते.

तरी सगळा भार एका मालावर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर घरे तेल-वायूवर तापू लागली, रेल्वे डिझेलकडे वळल्या, कोळशाची मागणी आटली आणि एप्रिल १९५६ मध्ये वाहतूक थांबली. मालमत्ता निक कोवालचिक या भंगार व्यापाऱ्याने घेतली. रूळ विकून मोकळे होणे हा त्याचा रोजचा धंदा. पण त्याने रूळ उखडले नाहीत. ऑर्बिसोनियाच्या द्विशताब्दीनिमित्त १९६० मध्ये त्याने काही किलोमीटरवर पर्यटकांसाठी गाडी सुरू केली. १९६४ मध्ये या रेल्वेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०११ नंतर गाडी बंद पडली. २०२० मध्ये एका प्रतिष्ठानाने मार्गाचा बराचसा भाग विकत घेतला आणि २०२३ मध्ये १६ क्रमांकाचे इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागले. कोळशाची वाहतूक मात्र पुन्हा सुरू झाली नाही.