स्टोव्ह, शिबिरोपयोगी

शिबिरोपयोगी स्टोव्ह म्हणजे इंधनाच्या साठ्यासह पाठीवरून किंवा स्लेज गाडीवरून नेता येणारे, उघड्यावर अन्न शिजविण्याचे व बर्फ वितळविण्याचे साधन. जेथे लाकूडफाटा मिळतो तेथे तीन दगडांची चूल पुरेशी ठरते. सह्याद्रीतील भटकंतीत ती दीर्घकाळ पुरलीही. उंच पर्वतांच्या वृक्षरेषेवर व ध्रुवीय प्रदेशांत मात्र सरपण नसते आणि पाणी घनरूपातच असते. ०° से. तापमानाचे १ किग्रॅ. बर्फ नुसते वितळविण्यास सु. ८० किलोकॅलरी उष्णता लागते. ते पाणी पुढे उकळीपर्यंत नेण्यास आणखी सु. १०० किलोकॅलरी. अशा ठिकाणी इंधन संपले की पिण्याचे पाणीही संपते. त्यामुळे या साध्या दिसणाऱ्या उपकरणावर अनेक मोहिमांचे यशापयश, आणि प्रसंगी माणसांचे प्राण, अवलंबून राहिले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्पिरिटचे छोटे दिवे प्रवासात वापरात होते. लंडनमधील फ्रेंच पाकतज्ञ अलेक्सिस स्वाये यांनी १८४९ मध्ये मेजावर ठेवण्याजोगा स्पिरिटचा स्टोव्ह विक्रीस आणला. स्पिरिटची ज्योत स्वच्छ असली, तरी वजनाच्या मानाने त्यातून मिळणारी उष्णता कमी. रॉकेलमध्ये ती पुष्कळच अधिक असते. परंतु वातीवर जाळलेल्या रॉकेलची काजळी फार. ही अडचण स्टॉकहोमचे फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्व्हिस्ट यांनी दूर केली. त्यांच्या स्टोव्हला १८९२ मध्ये एकस्व मिळाले व ‘प्रायमस’ हे त्याचे नाव जगभर पसरले. त्यात वात नसते. टाकीत पंपाने हवा भरली की तिच्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या ज्वालकात त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून ती वेगाने बाहेर पडून हवेत मिसळते व निळ्या ज्योतीने जळते. ज्वालक आरंभी तापवावा लागतो. महाराष्ट्रातील घरोघरी हे काम स्पिरिटमध्ये भिजविलेल्या काकड्याने केले जाई. निपलला पिन मारणे व पंप मारणे हे शब्दप्रयोगही याच स्टोव्हने मराठीला दिले. ध्रुवावरचे आणि चाळीतले उपकरण तत्त्वतः एकच होते.

ध्रुवीय प्रवासात या स्टोव्हचे महत्त्व फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी प्रथम पूर्णपणे ओळखले. १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना त्यांच्याकडे स्पिरिटचा स्टोव्ह होता. १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघताना त्यांनी प्रायमस घेतला. ज्योतीची उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या भांड्यांची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. मधल्या भांड्यात अन्न, त्याभोवती कड्यासारखे बर्फाचे भांडे, वर आणखी एक भांडे आणि या सर्वांवर ॲल्युमिनियमचे झाकण अशी ती होती. जेवण तयार होईतो पाणीही तयार होई.

स्टोव्ह उत्तम असून भागत नाही; इंधनाची साठवणही तितकीच निर्दोष असावी लागते. रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीला १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना वाटेवरच्या साठ्यांतील रॉकेलचे डबे अपेक्षेपेक्षा रिकामे आढळले. डब्यांच्या बुचांतील चामड्याच्या चकत्या कडाक्याच्या थंडीत निकामी होऊन तेल झिरपले वा उडून गेले, असे मानले जाते. इंधन कमी म्हणजे गरम अन्न कमी व पाणीही कमी. अखेरचे तिघे पुढील मोठ्या साठ्यापासून सु. १८ किमी. अंतरावर तंबूत मरण पावले. त्यांच्या मृत्यूला हे एकच कारण नव्हते. तथापि रोआल अमुनसेन यांनी आपले डबे डाख देऊन बंद केले होते, हा फरक लहान म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

दुसरा धोका खुद्द ज्योतीतच असतो. १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या सालोमन ऑगस्ट आंद्रे व त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे अवशेष १९३० मध्ये क्वितोया बेटावर सापडले. त्यांत प्रायमसही होता. बंदिस्त तंबूत स्टोव्हपासून निर्माण झालेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने त्यांचा मृत्यू ओढवला असावा, असे एक अनुमान व्हिल्ह्याल्मुर स्टेफान्सन यांनी मांडले. ते वादग्रस्त असले, तरी त्यातील धोका खरा आहे. १९३४ मध्ये अंटार्क्टिकातील एकाकी ठाण्यावर रिचर्ड बर्ड याच वायूने मरता मरता वाचले. या वायूला रंग नाही, वास नाही. गार भांड्याच्या बुडाशी ज्योत थंड पडून ज्वलन अपुरे राहिले की तो वाढतो. म्हणजे बर्फ वितळविताना, नेमका तंबू घट्ट बंद असतानाच, त्याची भीती अधिक.

एव्हरेस्टवर या साधनाची कसोटी लागली. मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमों लाँबेर व तेनझिंग नोर्गे यांनी सु. ८,४०० मी. उंचीवर एक रात्र स्टोव्हवाचून काढली. तहान भागविण्यासाठी त्यांना मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवावे लागले. दुसऱ्या दिवशी सु. ८,६०० मी. उंचीवरून ते मागे फिरले. विरळ व कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, याकडे ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक ग्रिफिथ प्यू यांनी आग्रहाने लक्ष वेधले. प्रत्येकाला दररोज सु. ३ लिटर द्रव मिळाले पाहिजे हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी १९५३ च्या मोहिमेत स्टोव्ह व इंधन यांची खास व्यवस्था करण्यात आली. प्राणवायूच्या नळकांड्यांचा उल्लेख त्या विजयाच्या प्रत्येक वृत्तांतात येतो, स्टोव्हचा क्वचितच. २९ मेच्या पहाटे एडमंड हिलरी यांचे बूट गोठून कडक झाले होते. ते त्यांनी स्टोव्हच्या ज्योतीवरच मऊ केले.

पेट्रोलवर चालणारे स्टोव्ह दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यामुळे प्रसार पावले. परंतु सामान्य हौशी प्रवाशाला पंप, पूर्वतापन व भडका यांतून सोडविले ते द्रवीभूत वायूने. फ्रान्समध्ये १९४९ साली स्थापन झालेल्या ‘काँपिंग गाझ’ या संस्थेचे ब्यूटेनचे छोटे स्टोव्ह यूरोपभर लोकप्रिय झाले. आरंभीच्या डब्यांना भोसकून स्टोव्ह बसवावा लागे. डबा संपण्यापूर्वी स्टोव्ह काढल्यास उरलेला वायू बाहेर पडून आग लागण्याचा संभव असे. आपोआप बंद होणारी झडप असलेले, आट्यांवर फिरवून बसविण्याचे कॅनिस्टर पुढे आले आणि ही अडचण बरीच दूर झाली. जपानमध्ये १९६९ मध्ये आडव्या लांबट डब्यावर चालणारा घरगुती मेजावरील स्टोव्ह निघाला. तो सपाट जागेवरील शिबिरास सोयीचा, परंतु त्यावर डब्याला झाकणारे रुंद भांडे ठेवणे घातक ठरते.

गॅस स्टोव्हची निवड करताना ज्वालकाच्या आकाराहून डब्यातील वायूला अधिक महत्त्व द्यावे लागते. येथे पंप नाही. ज्योतीकडे वायू ढकलणारा दाब द्रवाच्या स्वतःच्या बाष्पीभवनातून येतो. समुद्रसपाटीच्या दाबाला ब्यूटेन −०·५° से., आयसोब्यूटेन सु. −१२° से. व प्रोपेन −४२° से. तापमानास उकळते. सह्याद्रीतील हिवाळ्यात शुद्ध ब्यूटेन चालते. हिमालयातील पहाटे ते डब्यात द्रवरूपातच स्वस्थ पडून राहते. म्हणून थंड प्रदेशासाठी आयसोब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण भरतात. शुद्ध प्रोपेनचा दाब इतका असतो, की त्याला जाड व जड नळकांडे लागते. मिश्रणातही प्रोपेन आधी उडून जाते. शिवाय बाष्पीभवनाची उष्णता द्रव स्वतःतूनच घेत असल्याने डबा जळताजळताच गार होत जातो. अर्धा डबा शिल्लक असताना ज्योत मंदावते ती यामुळे. यावर उपाय म्हणून काही स्टोव्हमध्ये डबा उलटा ठेवून द्रवच नळीने ज्वालकापर्यंत नेतात व ज्योतीजवळून जाताना त्याची वाफ करतात. उंचीवर बाहेरील दाब कमी असल्याने हे वायू काहीसे सहज उकळतात, एवढा दिलासा पर्वतावर मिळतो.

वाऱ्यात इंधन कितीतरी पटीने वाया जाते. आडोसा करावा, पण डब्यावरच बसणाऱ्या स्टोव्हभोवती पूर्ण वेढा घातल्यास डबा तापून फुटू शकतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून बुडाला धातूच्या पन्हळी असलेली, ज्वालकाशी जोडलेली भांडी प्रचारात आली. ज्योतीची निसटती उष्णता पकडण्याची नान्सेन यांचीच युक्ती त्यांत वेगळ्या रूपात आढळते.

वाहतुकीचे नियम कडक आहेत आणि तसे असण्यास कारण आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात बेकायदा आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. विमानातही भरलेले कॅनिस्टर हाताशी वा सामानात नेता येत नाहीत. ते मुक्कामाच्या ठिकाणीच घ्यावे लागतात. जेथे ते मिळण्याची शाश्वती नाही, अशा दूरच्या खोऱ्यांत जाणारे अनुभवी गिर्यारोहक आजही रॉकेल व पेट्रोल या दोहोंवर चालणारा पंपाचा स्टोव्ह सोबत ठेवतात.