वकील, खोत आणि वंशावळ

पावसपासून बाणकोटापर्यंत कोकणपट्टींतील कोणत्याहि जुन्या घरीं वंशावळीचा विषय काढावा, म्हणजे बोलणें पूर्वजांवरून जमिनीवर आणि जमिनीवरून कोर्टावर हां हां म्हणतां येतें. यांत नवल नाहीं. खोती वंशपरंपरेची आणि वांटणीस पात्र. भाऊबंद वाढले कीं हिस्से वाढत आणि गांवची वहिवाट पाळीपाळीनें चाले. आपला हिस्सा सिद्ध करावयाचा, तर आपली शाखा कोणत्या पुरुषापासून निघाली हें दाखविणें भाग होतें. पुष्कळ घराण्यांचे वंशवृक्ष पितृभक्तीपेक्षां दिवाणी दाव्याच्या गरजेनें लिहिले गेले, असें म्हटल्यास वाचकांनीं रागावूं नये. निदान त्यामुळें ते सांभाळले तरी गेले!

स्कॉटलंडांत सतराव्या शतकांत सर टॉमस होप या नामांकित वकिलानें क्रेगहॉलची जमीन खरेदी केली आणि त्याचे मुलगे न्यायाधीश झाले. तेथें आधीं कायदा, मग जमीन. आमच्याकडे क्रम बहुधा उलटा दिसतो. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांचा जन्म १८३३ सालीं दापोली तालुक्यांतील मुरूड गांवीं, खोताच्या घरीं झाला. एल्फिन्स्टनमध्यें शिक्षण, कांहीं वर्षें सरकारी नोकरी, मग ती सोडून मुंबईस हायकोर्टांत वकिली, १८६४ सालीं ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र, पुढें सरकारी वकिली आणि कायदे कौन्सिलांतील जागा, असा त्यांचा चढता क्रम आहे. परंतु मला त्यांच्या एका लहानशा निबंधाचें महत्त्व अधिक वाटतें. १८६५ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांनीं मुरूड गांव नव्यानें कसा वसला, हें सांगणारा एक जुना कागद विवेचनासह प्रसिद्ध केला. स्वतःच्या गांवाच्या जन्माची चौकशी इतक्या काळजीनें करणारे लोक त्या पिढींत फार नव्हते. निबंध इतिहासाचा खरा. पण लेखणी वकिलाची. गांव वसविणाऱ्याचा हक्क मोठा कीं खोत हा नुसता वसुलाचा मक्तेदार, या प्रश्नावर तेव्हां सरकार व खोत यांचा झगडा चाललाच होता, आणि मंडलीक खोतांच्या पक्षाचे होते. १८८० सालीं खोतीचा कायदा झाला. त्याच वर्षीं मंडलिकांचें ‘व्यवहारमयूखा’चें इंग्रजी भाषांतरहि बाहेर पडलें. त्याच तालुक्यांतील चिखलगांवच्या खोतीचे हिस्सेदार लोकमान्य टिळक. तेहि १८७९ चे कायद्याचे पदवीधर. त्यांनीं १८९९ सालीं ‘केसरी’ंतून खोतांचीच बाजू मांडली.

या सर्व कागदांत कुळाची वंशावळ मात्र कोठें सांपडत नाहीं. पिकाची अभावणी खोतानें करावी, अर्धेलीनें अर्धें आणि तिर्धेलीनें तिसरा हिस्सा कुळानें त्याच्या खळ्यांत घालावा, वर वेठहि करावी. जो पिढ्यान्‌पिढ्या तेंच शेत नांगरीत आला, त्याचा आजा कोण हें विचारण्याचें कारण कोणास पडलें नाहीं. आमच्या घराण्यांचे इतिहास वाचतांना हें व्यंग मला सारखें टोंचतें. मंडलिकांची विद्वत्ता थोर होती, पण ती या शेताच्या बांधाशीं येऊन थबकली.

तो बांध ओलांडणारा माणूसहि त्याच टापूचा आणि त्याच पेशाचा निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पूर्वजांचें गांव आंबडवें, दापोलीच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यांत. या बॅरिस्टरानें १९३७ सालीं मुंबईच्या असेंब्लींत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. तें मंजूर झालें नाहीं. परंतु १९४९ च्या कायद्यानें खोती उठली. खोतांच्या खासगी जमिनी पुष्कळशा राहिल्या, तरी अनेक कुळांचीं नांवें सरकारी दप्तरांत जमिनीचे मालक म्हणून लागलीं.

आतां पावसच्या बाजूस एखाद्या जुन्या कुळाच्या घरीं हापुसाच्या कलमांवरून भाऊबंदकी लागते, तेव्हां तेथेंहि वारसांची यादी लिहावी लागते. आजा, पणजा आठवूं लागतात.