घराचा पत्ता आणि संकटाची हांक

१९३५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका शस्त्रवैद्याच्या घराला आग लागून पांच स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. एका शेजाऱ्यानें अग्निशामक दलास बोलावण्यासाठीं टेलिफोन उचलला. परंतु इतर सामान्य मागण्यांच्या रांगेंत त्याची हांकही अडकून पडली. त्यानें वर्तमानपत्रांत पत्र लिहून ही हकीकत उघड केली, मोठा गवगवा झाला, आणि ३० जून १९३७ रोजीं लंडनमध्यें ९९९ हा संकटाचा क्रमांक सुरू झाला. तो फिरविला कीं केंद्रांत तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे.

एवढ्यानें अर्धें काम झालें, आणि तें सोपें अर्धें. हांक ऐकूं आली. पण ती कोठून आली? विंपोल स्ट्रीटवरील मनुष्याला रस्त्याचें नांव आणि घराचा आंकडा सांगतां येत होता, ही केवढी सोय होती हें त्या वेळीं फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नसावें.

घरांना क्रमांक देण्याची चाल मुळांत रहिवाशांच्या सोयीसाठीं पडलेलीच नाहीं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेझा हिनें १७७० सालीं घरोघर आंकडे रंगविले ते सैन्यभरतीसाठीं; कोणत्या घरांत किती तरणे पुरुष आहेत हें तिला हवें होतें. आंकडा म्हणजे शिपाई दारांत येण्याची खूण, असें लोकांस वाटल्यास नवल नाहीं. शिवाय मागाहून बांधलेल्या घराला पुढचा आंकडा मिळे, मग तें घर कोठेंही असो. पॅरिसमध्यें १८०५ सालीं नेपोलियनच्या अमदानींत रस्त्याच्या एका हातास सम व दुसऱ्या हातास विषम अशी शिस्त लागली, तेव्हां आंकड्याला वाट दाखविण्याचें बळ आलें.

अमेरिकेच्या खेड्यांत निराळाच प्रकार झाला. वेस्ट व्हर्जिनिया हा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा प्रांत. खेडोपाडीं घरपोंच टपाल नेण्याचा प्रयोग १ ऑक्टोबर १८९६ रोजीं येथूनच सुरू झाला. टपालवाल्याच्या फेरीचा क्रमांक आणि वाटेवरील पेटीचा क्रमांक, हाच पुढें घराचा पत्ता होऊन बसला. टपालवाल्यास तो पुरे, कारण वाट त्याच्या पायांखालची. (आपल्याकडे श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेप्रमाणें १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला सहा आंकडी पिनकोडही टपालकचेरीपर्यंतच नेतो, पुढें भिस्त पोस्टमनवर.) परक्या गाडीवाल्याला मात्र त्या पत्त्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजीं अलाबामांतील हॅलेव्हिल या लहानशा गांवांतून ९११ ची पहिली हांक गेली. पुढें अशी सोय झाली कीं, हांक येतांच टेलिफोन कंपनीच्या दप्तरांतील पत्ता केंद्राच्या पडद्यावर उमटावा. योजना नामी, पण दप्तरांतच ‘दुसरी फेरी, सतरावी पेटी’ असेल, तर पडद्यावर दुसरें काय उमटणार? मग जुनी शाळा होती तेथून वळा, असें सांगणें आलें. आणि शाळा तर केव्हांच पडलेली. ‘मारुतीच्या मागची बोळ’ सांगणाऱ्या आपल्या लोकांना यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

२००१ सालीं वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें पत्ते व नकाशे यांसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापिलें. अशा कामाची रीत मोठी किचकट असते. बिननांवाच्या रस्त्याला नांव द्यावयाचें. पण जिल्ह्यांत तेंच नांव दुसऱ्या रस्त्याला असतां कामा नये, आणि उच्चारानें जवळचेंही नको, कारण सांगणारा धांपा टाकीत सांगणार. घराचा आंकडा अंतरावरून ठरतो. पुष्कळ ठिकाणीं मैलाला हजार आंकडे धरतात, म्हणजे सुमारें सवापांच फुटांस एक. यांतली खुबी अशी कीं, मधल्या मोकळ्या जागेंत उद्यां घर उठलें तरी त्याचा आंकडा आधींच ठरलेला. आणि २५०० हा आंकडा ऐकतांच रस्त्याच्या तोंडापासून अडीच मैल जावयाचें, हें गाडीवाल्यास कळतें.

लोकांना हें सारें रुचलें असें नाहीं. आंकडा आला कीं मागोमाग कर येईल, सरकार दारांत येईल, ही भीति होती. तिला अडाणीपणा म्हणून उडवून देणें अन्यायाचें होईल. व्हिएन्नांत आंकडा खरोखरच शिपायाचा हात धरून आला होता.

तेवढ्यांत टेलिफोन भिंतीवरून निघून खिशांत गेला. १९९६ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें मोबाइल कंपन्यांवर हांक देणाराचें स्थान कळविण्याचें बंधन घातलें. आतांच्या नव्या पद्धतींत तर हांक कोणत्या केंद्राकडे जावी हें नकाशाच ठरवितो. म्हणून दोन जिल्ह्यांच्या सीमारेषांत केसाएवढी फट राहिली, तर त्या फटींतील हांकेला धनी नाहीं; रेषा एकमेकींवर चढल्या, तर दोन धनी. पत्त्यांची जुनी नोंद आणि नकाशा हीं निदान शेंकडा ९८ जुळल्याशिवाय नव्या पद्धतींत पाऊल टाकूं नये, असा दंडक या क्षेत्रांतील अमेरिकन संस्थेनें घातला तो याचसाठीं.

तरीही एक प्रश्न उरतो. घराची खूण नकाशावर कोठें करावी. छपरावर, कीं रस्त्यापासून घराची वाट फुटते तेथें? डोंगरांत एखादें घर एका रस्त्याच्या अगदीं जवळ दिसतें, पण मध्यें खोल ओढा असतो आणि जाण्याची वाट दुसऱ्याच रस्त्यानें. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत झाडीखालचा तो ओढा दिसत नाहीं. त्यासाठीं माणूसच पाठवावा लागतो, आणि त्यानें वाट कोठून फुटते तें पाहून यावें लागतें.