पानाच्या तळाचा आकडा : ‘हिट काउंटर’चा छोटा इतिहास

१/ महाराष्ट्र शासनाच्या कित्येक संकेतस्थळांच्या तळाशी आजही ‘एकूण दर्शक’ अशी नोंद आणि तिच्यापुढे एक लांबलचक आकडा दिसतो. आपली नजर त्यावरून सहज निसटते. तीस वर्षांपूर्वी मात्र हाच आकडा पानाच्या मालकाच्या अभिमानाचा विषय होता. त्या ‘हिट काउंटर’ची ही कथा. #धागा

२/ १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या प्रणालीचा प्रस्ताव मांडला, तिचेच पुढे वर्ल्ड वाइड वेब झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. आता कोणीही लिहू शकत होते. पण आपले लिखाण कोणी वाचते का, हे कळायला मार्ग नव्हता. सभेतली गर्दी वक्त्याला दिसते, पुस्तकाचा खप प्रकाशकाला कळतो. वेबपानाच्या लेखकापुढे होती ती निव्वळ शांतता.

३/ नोंद होत नव्हती असे नाही. प्रत्येक मागणीचा पत्ता, वेळ आणि फाइलचे नाव सर्व्हर आपल्या ‘लॉग’मध्ये टिपून ठेवी. पण ते दप्तर बहुधा यंत्रचालकाच्या ताब्यात असे. शिवाय पान म्हणजे एक स्थिर फाइल : जो येईल त्याला तीच प्रत मिळणार. तिच्यात बदलता आकडा कसा आणायचा?

४/ उत्तर १९९३ मध्येच मिळाले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या ‘एनसीएसए’ या केंद्राच्या सर्व्हरमध्ये ‘सीजीआय’ ही सोय आली. मागणी येताच सर्व्हरने तयार फाइल देण्याऐवजी एक छोटा प्रोग्राम चालवायचा आणि त्याचे उत्तर पाठवायचे. असे प्रोग्राम पुष्कळदा लॅरी वॉल यांच्या ‘पर्ल’ भाषेत (१९८७) लिहिले जात.

५/ काउंटरची रीत साधी होती. एका फाइलमध्ये एकच संख्या. पाहुणा आला की फाइल उघडा, संख्या वाचा, तीत एक मिळवा, पुन्हा लिहून ठेवा आणि तिचे अंक ‘जिफ’ चित्रांच्या रूपात पाठवा. गाडीच्या किलोमीटर-मापकासारखे काळ्या पट्टीवरचे पांढरे अंक विशेष लोकप्रिय होते. ब्राउझरच्या लेखी ते केवळ एक चित्र असे.

६/ साध्या रीतीतही एक खाच होती. दोन पाहुणे एकाच क्षणी आले तर दोन्ही वेळा ४१२ वाचले जाई, दोन्ही वेळा ४१३ लिहिले जाई आणि एक भेट गहाळ होई. त्याहून वाईट म्हणजे, एक प्रोग्राम लिहिण्यासाठी फाइल रिकामी करीत असतानाच दुसऱ्याने ती वाचली तर महिन्यांची मोजदाद पुसून आकडा पुन्हा १ वर येई. म्हणून एकाचे काम होईपर्यंत फाइलला ‘कुलूप’ लावण्याची पद्धत आवश्यक ठरली.

७/ १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’सारख्या मोफत जागांवर स्वतःचा प्रोग्राम चालवण्याची मुभा सहसा नसे. तिथे आयता काउंटर कामी आला. एक ओळ पानात चिकटवायची. अंकांचे चित्र दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावरून येई. सोय मोठी होती. तिची किंमत पुढे कळली.

८/ पण हा आकडा मोजत काय होता? सर्व्हरच्या भाषेत ‘हिट’ म्हणजे एक मागणी. दहा चित्रांचे पान एकदा उघडले की अकरा हिट! मालकाने स्वतः पान पुन्हा उघडले तरी पानावरचा काउंटर वाढे आणि आरंभ ५००० पासून करायलाही मनाई नव्हती. उलट, वाटेतल्या ‘कॅशे’ने साठवलेली प्रत परस्पर दिली तर खरा वाचक मोजलाच जात नसे. ही गळती भरून काढण्याची एक पद्धत ऑक्टोबर १९९७ च्या ‘आरएफसी २२२७’ या दस्तऐवजात मांडली गेली. ती रुजली नाही.

९/ दरम्यान मोजणीत पैसा शिरला होता. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’वर जाहिरातींच्या पट्ट्या झळकल्या. जाहिरातदाराला हिट नकोत, माणसे हवीत, तीही वेगवेगळी. त्याच वर्षी नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी ‘कुकी’ घडवली. खरेदीची टोपली लक्षात ठेवण्यासारख्या कामासाठी केलेली ही युक्ती परतून येणारा पाहुणा ओळखण्यासही उपयोगी पडली.

१०/ इथे कथा वळण घेते. काउंटरचे चित्र मागवताना वाचकाचा ब्राउझर आपला आयपी पत्ता, आपली ओळख आणि बहुधा उघडलेल्या पानाचा पत्ताही पाठवी. हजारो पानांवर एकाच पुरवठादाराचे चित्र असेल, तर तोच वाचक कुठून कुठे गेला हे त्याला दिसू शकते. मग अंक दाखवण्याची गरज काय? एक बाय एक पिक्सेलचे पारदर्शक चित्रही पुरते. आकडा लोपला, मोजणी उरली.

११/ २००५ मध्ये गूगलने ‘अर्चिन’ ही कंपनी घेतली आणि नोव्हेंबरात ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ मोफत खुले केले. मालकाला आलेख मिळाले, वाचकाला काहीच दिसेनासे झाले. २५ मे २०१८ पासून युरोपात ‘जीडीपीआर’ लागू झाला. २०२२ च्या आरंभी ऑस्ट्रियाच्या विदा-संरक्षण प्राधिकरणाचा एक निर्णय समोर आला : एका संकेतस्थळाने अ‍ॅनालिटिक्स वापरून वाचकांची माहिती अमेरिकेत पाठवणे नियमबाह्य होते.

१२/ जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. ‘अर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी त्यातली असंख्य पाने वाचवली. पण काउंटर परक्या संगणकावर असेल तर जतन केलेल्या प्रतीत पुष्कळदा तुटलेल्या चित्राची चौकटच उरते. मजकूर हाती लागला. तो किती जणांनी वाचला, याचा पुरावा गेला.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला आकडा हाही एक दस्तऐवजच. कोणी मोजले, काय मोजले, आरंभ कुठून केला, कोणासाठी मोजले, हे विचारल्यावाचून तो साक्षीला घेता येत नाही. जुना काउंटर या परीक्षेत बहुधा नापास होईल. तरी एका बाबतीत तो प्रामाणिक होता : यजमानाला जो आकडा दिसे, तोच पाहुण्यालाही दिसे.

१४/ तेव्हा ‘एकूण दर्शक’ ही ओळ पुढच्या वेळी दिसली, तर क्षणभर थांबा. तो आकडा अचूक असेलच असे नाही. पण आपल्याला मोजले जात आहे, हे तो आपल्याला तोंडावर सांगतो. (धागा समाप्त)