ध्वनिक्षेपकाची दोन घराणी

इतिहास म्हटला म्हणजे गडकोट, लढाया व तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण दिवाणखान्यातल्या एखाद्या लाकडी पेटीलाही इतिहास असतो. परवा वरळीतील एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "एकाच खोलीत गाणे ऐकायचे आणि चित्रपटही पाहायचा, तर भारी किमतीचे ध्वनिक्षेपक कोणते घ्यावेत?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच सापडते, असे आमचे मत आहे.

ध्वनिक्षेपकाची घराणी दोन. पहिले नभोवाणीचे व तबकडीचे. मुंबईपुरता त्याचा एक धागा वरळीशीच निगडित आहे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन केले, तेव्हा त्या केंद्राचा प्रक्षेपक वरळीस होता. त्याआधी दोनच वर्षे, १९२५ साली, अमेरिकेत राइस व केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला कागदी शंकू जोडून ध्वनिक्षेपक सिद्ध केला होता. आजचे लाखालाखांचे ध्वनिक्षेपकही बहुतांशी याच तत्त्वावर चालतात. पुढे १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगेचे काम दिले आणि लहान पेटीतून भरदार खर्ज काढून दाखविला. या घराण्याचे ब्रीद एकच : मूळ स्वराशी इमान.

दुसरे घराणे बोलपटाचे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला. शेकडो प्रेक्षकांच्या कानी शब्द पोहोचवायचा, तर मोठे कर्णे आले, दणका आला. १९७५ साली मिनर्व्हात 'शोले'ने ७० मि.मी. पडद्याबरोबर स्टिरिओफोनिक ध्वनीही मुंबईकरांस ऐकविला. पुढे हाच थाट घरात आला : समोर तीन ध्वनिक्षेपक, बाजूंस दोन, आणि गडगडाटासाठी सबवूफर.

आता ही दोन घराणी एका खोलीत नांदणार कशी? काळी एक पट्टीतील तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारे ६९ कंपने करते. चित्रपटातील स्फोट मात्र ३० कंपनांच्याही खाली उतरतो. त्यात खोलीचा स्वभाव निराळाच. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ कंपनांचा स्वर भिंतीशी फुगतो आणि मध्यावर जवळजवळ हरवतो. पेटी कितीही महाग असो, खोली आपला कर वसूल केल्याशिवाय राहत नाही.

आमच्या स्नेह्यांस एका दुकानात स्फोट आणि विमानेच ऐकविण्यात आली. ते भारावून गेले. आम्ही त्यांस म्हटले, "स्फोट खरा कसा असतो हे आपणांस ठाऊक नाही, तंबोरा मात्र आपण जन्मभर ऐकला आहे. तोच लावावयास सांगा." लावला, तेव्हा त्या भपकेदार पेटीतून जवारी लोपलेली आढळली. शेजारच्या साध्या जोडीत मात्र ती अखंड होती.

यावरून आमचा सल्ला असा : मोठा खर्च समोरच्या जोडीवर करावा व ती गाण्यावर पारखावी. मधला ध्वनिक्षेपक त्याच मालिकेतील घ्यावा. कारण संवाद मुख्यतः त्याच्याच मुखातून येतात. गडगडाट सबवूफरकडे सोपवावा. त्याची जागा खोलीत फिरवून ठरवावी. आणि त्याचा आवाज बेताचाच ठेवावा. खर्ज भिंत सहज ओलांडतो, आणि भिंतीपलीकडे कोणाचे तरी मूल निजलेले असते.

जो ध्वनिक्षेपक गाण्याशी इमान राखतो, तो संवादाशीही राखतो. उलट मात्र दर वेळी घडतेच असे नाही. दुसरे घराणे पाहुणचारास खुशाल यावे. घरधनी पहिलेच असावे.