नहाणी ट्रॅप

नहाणी ट्रॅप हे न्हाणीघरातील जमिनीवरचे सांडपाणी गोळा करून निचरा-नळात सोडणारे आणि त्याच वेळी नळातील दुर्गंधी, दूषित वायू व कीटक यांना घरात येण्यापासून रोखणारे साधन आहे. ते फरशीखाली गाडलेले असते. वर दिसते ती केवळ त्याची जाळी. वायू अडवण्याच्या या कामाची चर्चा पाठ्यपुस्तकांत नेहमी होते. लाद्यांच्या सांध्यांतून खाली झिरपणारे पाणी स्लॅबमध्ये मुरू न देता त्याच नळात पोहोचवणे, हे त्याचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे असूनही दुर्लक्षित राहते.

नाव

नहाणी किंवा न्हाणी म्हणजे अंघोळीची जागा. भारतातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही हे साधन याच नावाने येते. कारागिरांच्या बोलण्यात 'नानी ट्रॅप' असाही उच्चार ऐकू येतो.

पाण्याचे सील

ट्रॅपच्या वाकलेल्या भागात काही पाणी कायम साचून राहते. या पाण्याच्या पडद्याला पाण्याचे सील म्हणतात. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये शौचकूपासाठी घेतलेल्या एकस्वात अशाच वाकड्या नळीचा समावेश होता. सीलची खोली किमान ५० मिमी असावी, असा संकेत भारतात व युरोपातही पाळला जातो. त्याहून उथळ सील नळातील दाबाच्या किरकोळ चढउतारानेही तुटू शकते. वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सोडल्यास सायफन क्रियेने सील ओढले जाते. जाळीतून लोंबणारे केस किंवा धागे वातीसारखे काम करून ते हळूहळू रिकामे करतात. न वापरलेल्या न्हाणीघरात पाण्याची वाफ होऊन ट्रॅप कोरडा पडतो.

कोरड्या ट्रॅपचे परिणाम दुर्गंधीपुरते मर्यादित राहतीलच असे नाही. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. न्हाणीघरांतील जमिनीवरचे कोरडे पडलेले ट्रॅप आणि तेथील हवा बाहेर फेकणारे पंखे यांच्या एकत्रित परिणामाने निचरा-नळातील दूषित तुषार घरांत ओढले गेले असावेत, असा निष्कर्ष तपासातून पुढे आला. त्यानंतर तेथील नागरिकांना आठवड्यातून एकदा प्रत्येक निचऱ्यात सुमारे अर्धा लिटर पाणी ओतण्याचा सल्ला देण्यात आला. सिलिकॉनच्या लवचीक पडद्याने बंद होणारे, पाण्याविना चालणारे झडपेचे प्रकारही बाजारात आहेत. मात्र पडद्यात केस किंवा साबणाचा चिकटा अडकला की ते अर्धवट उघडे राहतात. घंटेच्या आकाराची टोपी असलेल्या ट्रॅपमध्ये जाळीबरोबर टोपी उचलली की सीलच नाहीसे होते. अमेरिकेतील प्रचलित संहितांनी घंटा-ट्रॅपला मनाई केली आहे.

झिरपणारे पाणी आणि सांधा

सिमेंटने भरलेले लाद्यांचे सांधे जलरोधक नसतात. म्हणून लाद्यांखाली जलरोधक थर देतात. हा थर भिंतीपाशी वर वळवणे सोपे असते. खरी अडचण येते ती थर आणि ट्रॅप जेथे भेटतात त्या वर्तुळात. भारतात प्रचलित असलेला पीव्हीसीचा ट्रॅप गुळगुळीत असतो, त्याला सिमेंट नीट चिकटत नाही. गरम पाण्याने प्लॅस्टिक आणि काँक्रीट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि मध्ये केसासारखी फट पडते. नळाचा पृष्ठभाग घासून त्यावर सॉल्व्हंट सिमेंट लावणे व ओले असतानाच वाळू भुरभुरणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. स्लॅबला पाडलेले भोक साध्या मालाऐवजी न आकुंचणाऱ्या ग्राउटने भरावे लागते. खाली घेतलेल्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असेल तर चूक लवकर उघडही होत नाही: पाणी कोब्यात साठत राहते आणि खालच्या घराच्या छताला पोपडे धरतात तेव्हाच कळते.

अमेरिकेत याच सांध्यासाठी तीन भागांचा निचरा रूढ झाला. खालच्या कडेवर जलरोधक चादर अंथरतात, तिच्यावर धातूचे किंवा प्लॅस्टिकचे कडे ठेवून बोल्टने आवळतात, आणि वर जाळीची नळी पेचाने बसते. कड्याच्या आतल्या बाजूस बारीक छिद्रे असतात. चादरीवर पोहोचलेले पाणी त्यांतून नळात उतरते. या रचनेत सील चिकटपणावर नव्हे, तर दाबावर अवलंबून असते, हा तिचा मोठा गुण. तरीही छिद्रांवर गवंड्याने सिमेंटचा माल ओतला तर सारा बेत फसतो, म्हणून तेथे बारीक खडी टाकतात. चादरीखालीच ढाळ नसेल तर पाणी छिद्रांकडे येतच नाही; हा ढाळ दर फुटाला पाव इंच, म्हणजे साधारण ५० ला १, ठेवतात.

युरोपात रुंद, सपाट कडेचा निचरा अधिक आढळतो. लाद्यांच्या लगेच खाली असलेला पातळ जलरोधक थर त्या कडेला चिकटवला जातो. जर्मनीत डीआयएन १८५३४ या २०१७ च्या मानकात अंतर्गत जलरोधनाचे नियम आहेत. अशा रचनेत पाणी जाड थरात मुरत नाही. कडेच्या पृष्ठभागावर धूळ किंवा तेल राहिल्यास मात्र सांधा सुटतो.

बसवण्याची सोय

फायबरच्या तयार शॉवर-तळात ट्रॅपची नटबोल्ट-जोडणी खालून आवळावी लागते. काँक्रीटच्या जमिनीवर तशी जागाच नसते. म्हणून नळाभोवती रबरी कडे बसवून वरूनच नट फिरवून दाबणारे नमुने तयार झाले. पूर्वी हा सांधा ताग भरून त्यावर शिसे ठोकून करीत. त्यासाठी कुशल हात लागे. रबरी कड्याचा सांधा तितक्या कौशल्यावर विसंबत नाही. नंतर सुटा करून बदलता येतो, हाही फायदा.

भारतातील बहुमुखी ट्रॅपला बेसिन व कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळ्यांसाठी बाजूची तोंडे असतात. यामुळे काँक्रीटमधून जाणारी भोके कमी होतात. फरशीची पातळी बदलल्यास उंचीचे जोडतुकडे वापरतात. मात्र प्रत्येक तुकडा म्हणजे गळतीची आणखी एक शक्यता असते. लांबट निचऱ्याला एकाच दिशेचा ढाळ पुरतो, त्यामुळे मोठ्या लाद्या चार बाजूंनी कापाव्या लागत नाहीत. तथापि त्यालाही ट्रॅप लागतोच.

चाचणी आणि गळतीचा वाद

लाद्या बसवण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरतात आणि किमान २४ तास ठेवून पातळी व खालचे छत पाहतात. घाईच्या बांधकामात हीच पायरी वगळली जाते, आणि ती वगळण्याची किंमत खालच्या सदनिकेतील कुटुंब मोजते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक नळांची गळती संस्थेने, तर सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. पाणी ट्रॅपच्या सांध्यातून येते की सामाईक नळातून, हे ठरवण्यासाठी सामान्यतः ट्रॅप बंद करून रंगीत पाणी जमिनीवर भरतात. मग तेच पाणी नळात सोडून खालचे छत पुन्हा तपासतात.